खारवण्याच्या कारखान्याचं गाऱ्हाणं

आमच्या मंडळींना एखादं काम सरळ करता येत असतं, तर खारवण्याला कारखाना केव्हाच आला असता. पाणी आहे, वीज आहे, हायवे गावाला खेटून जातो, बसस्टँडसमोर अख्खी शेड रिकामी पडलीय. नाहीत त्या फक्त नोकऱ्या. त्यामुळे खारवण्यात आणि आजूबाजूच्या चाळीस गावांत उरलेत ते म्हातारे आणि माझा नवरा.

विनीतचं तिथे गॅरेज आहे, ते उचलून लालबागला आणता येत नाही. मी परळच्या शिलाई कारखान्यात साठ मशिनींवर सुपरवायझर. तिकडे जाऊन करू काय, पंक्चर काढू? लग्नाला सात वर्षं झाली आणि निम्मा संसार फोनवर झाला.

आमचे मालक हितेंद्रशेठ भाड्याला कंटाळून कारखाना मुंबईबाहेर हलवणार आहेत हे कळलं, तेव्हा मीच त्यांना गावकीच्या खोलीवर घेऊन आले. लालबागच्या चाळीतली ही दहा बाय बाराची खोली आमच्या गावाच्या मालकीची. गावच्या मंडळाच्या सभा इथेच भरतात. शेठनी दुसरीकडे एक जागा जवळजवळ पक्की केली होती. ते इथे नाही म्हणाले असते तर माझी पुढची सात वर्षंही फोनवरच जाणार होती.

चिटणीस धोंडूकाकांनी लॅपटॉपवर स्लाइड्स दाखवल्या. ‘मुबलक पाणी’, ‘शुद्ध हवा’, आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘सणांची सुट्टी : वर्षाला फक्त दोन दिवस’.

मी हळूच बाबांकडे पाहिलं. माझे बाबा गुणाजी हे मंडळाचे अध्यक्ष. तीस वर्षं गिरणीत काढली, पण गणपतीला गाव चुकवलं नाही. एका वर्षी रजा मिळेना तर नोकरी सोडून गेले आणि विसर्जनानंतर येऊन तीच नोकरी पुन्हा मागितली. आई गेल्यापासून लालबागच्या घरात बाबा आणि मी दोघंच.

“दोन दिवस? पक्का?” शेठनी विचारलं. “आपल्या मोठ्या ऑर्डरी नेमक्या सप्टेंबरलाच असतात.”

“एकदम पक्का!” धोंडूकाका म्हणाले. वीस जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि मला जराही लाज वाटली नाही.

मग देवाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला. “आता अध्यक्ष गाऱ्हाणं घालतील,” धोंडूकाकांनी जाहीर केलं.

शेठ दचकले. “अरे, कारखाना आला नाय अजून, आणि तक्रार चालू?”

“तक्रार नाही हो शेठ,” मी म्हटलं. “आमच्याकडे देवाकडे मागणं मागतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात. बाबा बोलतील, आपण सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.”

बाबांनी हात जोडले. “बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शेठचा आवाज सगळ्यांत मोठा.

“ह्यो शेठ आमच्या गावात कारखानो घालूक इलो हा, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्या धोंडून काय खोटा दाखवल्यान ता पोटात घाल. गणपतीत धा दिवस आणि शिमग्यात पाच दिवस आमचो एकय माणूस मशिनीर बसूचो नाय, ता शेठान गोड मानून घेऊचा रे म्हाराजा!”

सगळे धोंडूकाकांकडे बघायला लागले. एकटे शेठ खणखणीत ओरडले, “व्हय म्हाराजा!”

मला बाबांचा असा राग आला की तिथून उठून जावंसं वाटलं. पण ते थांबले नव्हते. फक्त आवाज खाली आला होता.

“माझ्या लेकीचो संसार दोन ठिकाणी पडलो हा. मी हयसर तिच्या हातचा आयता जेवतंय, म्हणान आजपर्यंत तोंड उघडूक नाय. तो संसार एका छपराखाली आण. माझा मी बघतलंय रे म्हाराजा.”

माझ्याशिवाय सगळे हळू आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणाले.

“अपेक्षा,” शेठनी मला विचारलं, “ते मशिनीचं काय बोलले?”

मी शब्दन् शब्द सांगितला. धोंडूकाकांनी लॅपटॉप मिटला.

“पंधरा दिवस,” शेठ म्हणाले. “मग आता काय वेगळं होतं? गणपती आले की कोणाला टायफॉइड होतो, कोणाची आजी मरते. तुझीच आजी दोनदा गेलीय.” मी खाली बघितलं. “आधी सांगणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. आधी कळलं तर ऑर्डर जुलैत काढता येते. शेड कधी दाखवता? आणि सुपरवायझर मला हीच पाहिजे.”

खोलीत एकच गलका झाला. कोणी पेढे आणायला धावलं, धोंडूकाका तर शेठच्या गळ्यातच पडले. मी बाबांजवळ गेले. ते तसबिरीपुढचा नारळ सरळ करत होते.

“बाबा, तुमच्या जेवणाचं काय?”

“खाली खानावळ आसा.”

“तिथलं तुम्हाला पचत नाही.”

“पचता,” बाबा म्हणाले. “माका सगळा पचता.”

देव समोर होता, आणि बाबा त्याच्यापुढे धडधडीत खोटं बोलले.