मधली भिंत आणि निकेलच्या तारा

मी एक जुनी गिटार आहे. लाकडाची नव्हे मित्रांनो, पत्र्याची. लांबून बघाल तर वाटेल, कुणीतरी घमेल्याला मान लावली आहे. पण माझं सगळं गुपित पोटात आहे. तिथे ॲल्युमिनियमची एक उथळ वाटी आहे, इतकी पातळ की शिंकलात तरी थरथरेल. वाटीवर लाकडाची घोडी बसते, घोडीवरून तारा जातात. तारांच्या ताणानेच ती वाटी जागच्या जागी दबून राहते. तार हलली की वाटी बोलते. बाकीचं अंग नुसतं मिरवायला.

मला घडवणारा कारागीर एरवी बादल्या आणि नरसाळी करायचा. तो सांगायचा, वाटी चाकावर चढवली तेव्हाच शेजारचा कोंबडा आरवला आणि त्याची बांग वाटीत अडकली. म्हणून पहाट झाली की माझ्या अंगाला अजून खाज सुटते. खोटं वाटत असेल तर एखाद्या पहाटे मला हात लावून बघा.

मला विकत घेतलं ते चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका माणसाने. त्याची थोरली बहीण त्याला लहानपणापासून भोंगा म्हणायची, कारण तो रडायला लागला की गल्ली गोळा व्हायची. आपणही भोंगाच म्हणू. दिवसभर काचा घासून संध्याकाळी तो डाव्या हाताच्या बोटात लोखंडी नळी घालायचा आणि ती माझ्या तारांवरून सरकवायचा. तेव्हा मला ब्राँझच्या झगझगीत तारा होत्या. एकदा तळ्याकाठच्या खानावळीत मी असा काही सूर लावला, की मासे पाण्यातून वर येऊन काठावर ऐकत बसले. खानावळवाला म्हणतो, त्याने त्यांना परत पाण्यात सोडलं. मला वाटतं, तळले.

लोक वाहवा करायचे. एकच माणूस करत नव्हतं. ती म्हणजे ताई, भोंग्याची बहीण.

ताई शेजारच्याच खोलीत राहायची. शिवणकाम करायची. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही अशी की पलीकडे कुणी उसासा टाकला तर इकडचा पडदा हलावा. ताईला अर्धशिशी होती. डोकं उठलं की उजेड नको, बोलणं नको, आणि माझा आवाज तर नकोच नको. एका संध्याकाळी ती कपाळाला रुमाल बांधून दारात येऊन उभी राहिली.

"भोंग्या, ते पत्र्याचं भांडं एकदाचं भंगारात घाल. सुया टोचल्यासारखं होतंय माझ्या डोक्यात."

"तुझं ते शिवणयंत्र घाल आधी," भोंगा म्हणाला. "सकाळपासून खडखडतंय. मी काही बोललो का?"

"यंत्रावर मी पोट भरते. तू काय भरतोस याच्यावर?"

"ते तुला नाही कळायचं."

"नको कळू दे," ताई म्हणाली आणि गेली.

एवढंच झालं मित्रांनो. यापेक्षा मोठी भांडणं तुम्ही शाळेत डबा खाताना करता आणि डबा संपायच्या आत मिटवता. पण ही दोघं एका हट्टाची दोन टोकं होती. त्या दिवसापासून अबोला जो सुरू झाला, तो पिढीच्या पिढी मोठी व्हावी इतका टिकला. ताईच्या पाळण्यातल्या लेकीचं लग्न झालं, तरी दोघं जिन्यात भेटली की एक कठड्याकडे बघायचं आणि दुसरं छताकडे.

ताईला जे ठाऊक नव्हतं, ते मात्र मला ठाऊक होतं.

भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी भोंगा मला काखोटीला मारून तारांच्या दुकानात गेला. दुकानदार त्याचा जुना दोस्त. नाव सांगत नाही, त्याला सगळे तारवालाच म्हणत.

"तिखट नको," भोंगा म्हणाला. "मऊ आवाजाच्या तारा दे."

"पत्र्याच्या गिटारीला मऊ? उद्या म्हणशील, मिरची गोड दे."

"दे रे. आणि तू त्या भिंतीमागे, गोदामात जाऊन बस."

"मी कशाला? वाजवणार तू, ऐकणार तू."

"इथे कसं वाजतं ते मला कळतंय. तिकडे कसं वाजतं ते तू सांग."

बिचारा तारवाला खोक्यांवर जाऊन बसला. भोंग्याने पोलादी तारा लावल्या. भिंतीमागून आवाज आला, "दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या ब्राँझच्या लावून बघितल्या. "जरा बरं, पण सुई आहेच." मग निकेलच्या लावल्या. निकेलची तार दिसायलाही मळकट असते, चार तारांत उठून दिसणार नाही. भोंग्याने नळी सरकवली. भिंतीमागून काहीच उत्तर आलं नाही.

"काय रे, झोपलास?"

"नाही," तारवाला म्हणाला. "पुढे वाजव ना."

त्या दिवसापासून मी निकेलची झाले. खानावळवाल्याला माझा नवा आवाज पचला नाही. गिऱ्हाईक आळसावतं म्हणाला आणि आमचं तिथलं वाजवणं बंद झालं. भोंग्याने ब्रही काढला नाही. तो घरीच वाजवू लागला. खुर्ची भिंतीला लावायची, डोकं मागे टेकवायचं आणि पलीकडे कान द्यायचा. ताईचं यंत्र चालू असलं की वाजवायचं. यंत्र अवेळी थांबलं, म्हणजे तिचं डोकं उठलं. मग नळी काढून ठेवायची. यंत्र पुन्हा खडखडलं की पुन्हा सुरू. दोघांनी एवढं बरोबरीने वाजवलेलं या जगात कुणी ऐकलं नसेल, कारण ऐकायला मी एकटीच होते.

तारा जुन्या झाल्या की तो एक काढायचा, तिच्या जागी नवी लावायचा आणि मगच दुसरीला हात लावायचा. "सगळ्या एकदम काढल्या तर वाटी हलेल," असं मला सांगायचा. घरात सांगायला दुसरं होतं कोण?

मग एके दिवशी त्याला खोकत खोकत दवाखान्यात नेलं. जाताना त्याने मला पेटीत ठेवलं, कड्या लावल्या. तो परत आला नाही. पेटीतला अंधार फार जाड असतो मित्रांनो. एक कोळी माझ्या तारांवर राहायला आला होता, त्याच्याशी मी बोलायचे. तोही पुढे निघून गेला. पलीकडे यंत्र चालू व्हायचं, थांबायचं. मी पेटीत नुसती वाट बघायचे.

पेटी उघडली ती ताईच्या लेकीने, खोली रिकामी करताना. ताई दाराशीच उभी होती, आत पाऊल टाकत नव्हती.

"आई, खानावळवाला हिला भिंतीवर लावायला मागतोय. शोभेला. मागून दोन स्क्रू मारतो म्हणाला."

माझ्या पाठीतून स्क्रू. ऐकूनच माझ्या खुंट्या सैल झाल्या.

"दे," ताई म्हणाली.

"आधी एकदा वाजवून बघते. मामाची आठवण म्हणून." लेकीने बाजारातल्या सगळ्यांत चकचकीत तारा आणल्या होत्या. जुन्या गंजलेल्या तारा तिने पक्कडीने कटाकट कापल्या, सगळ्या एकदम. झालं. पोटातली वाटी जागची सरकली आणि नव्या तारांखाली तिरकी बसली. लेकीने हात मारला. मी अशी किंचाळले, की खिडकीवरचं कबूतर दुसऱ्या गावाला राहायला गेलं.

ताईचा हात कपाळावर गेला. आणि तिथेच थांबला.

"ही अशीच टोचायची," ती हळूच म्हणाली. "भांडण झालं तेव्हा. नंतर कधी नाही टोचली."

"म्हणजे नंतर मामा वाजवत नव्हता?"

"रोज वाजवायचा. मला वाटलं, आता माझ्यापासून लांब, त्या खिडकीत जाऊन बसतो. इतका राग धरला म्हटलं."

लेकीने खोलीभर नजर फिरवली. "खिडकीत कुठे, आई? खुर्ची तर तुझ्या भिंतीला लागून आहे. हे बघ."

ताई आत आली. खुर्चीच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तिथे, भिंतीवर तेलाचा एक काळपट डाग होता. वर्षानुवर्षांचा. ताईने त्याच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"खानावळवाल्याला नाही म्हणून सांग," ती म्हणाली.

दोघी मला तारांच्या दुकानात घेऊन गेल्या. तारवाल्याने मला बघताक्षणी ओळखलं. मला पालथी करून हलवलं आणि लेकीकडे बघितलं. "सगळ्या तारा एकदम काढल्यास ना? तुझा मामा असता तर तुला पेटीत घातलं असतं." वाटी सरळ बसवून त्याने निकेलच्या तारा लावल्या. मग ताईला म्हणाला, "या तारा निवडताना तुमच्या भावाने मला अख्खी दुपार त्या भिंतीमागे बसवलं होतं. का, ते कधी सांगितलं नाही."

ताईने पदर सावरला, गोदामात गेली आणि खोक्यांवर बसली.

लेकीला वाजवता येत नव्हतं. तिने नुसती एक तार छेडली आणि नळी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. एक लांब, मऊ सूर निघाला आणि भिंतीपलीकडे गेला.

"आई, कसं वाजतंय?"

उत्तर आलं नाही. तारवाला लेकीला म्हणाला, "पुढे वाजव."

आता मी ताईच्या खोलीत असते. लेक अधूनमधून येते, थोडंफार शिकली आहे. एरवी मी गप्प. पलीकडची खोली रिकामी आहे, पण ताई मला भिंतीलाच टेकवून ठेवते, आणि यंत्र चालवता चालवता मध्येच पाय थांबवून कान देते. पलीकडून काही येत नाही, हे मला कळतं. तिलाही कळतं. तरी ती थोडं थांबते.

मित्रांनो, माशांची गोष्ट हवी तर सोडून द्या, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पत्र्याच्या गिटारीच्या तारा बदलायच्या तर एकेक बदला. आणि शेजारून येणारा एखादा आवाज अचानक मऊ झाला, तर उठा आणि दार वाजवून विचारा, कुणासाठी केलात म्हणून. भिंतीवरच्या डागाला विचारून मग काही उपयोग नसतो.