दगडाबाईची हाक माझ्याजवळ होती

मी एक मोबाइल. आता बॅटरी फुगलीय, काचेला तडे गेलेत. पण माझ्याजवळ काय होतं ते ऐका, तुम्हीही थक्क व्हाल.

पुंडलिकनगरातल्या रत्नमालानं मला आणलं तेव्हा शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि गल्लोगल्ली पाण्याचे टँकर फिरत होते. तिचं माहेर वैजापूरकडचं, मेंढपाळांचं. एकदा तिकडं गेली असताना तिनं आईची, दगडाबाईची, मेंढरांना घातलेली हाक माझ्यात भरून घेतली. पुढं दगडाबाई वारली.

त्याच वर्षी पडलेल्या दुष्काळात तिचे वडील कडूबा कळप घेऊन पैठणला, धरणाच्या आटलेल्या काठावर उतरले होते. रत्नमाला भेटायला गेली आणि तिनं ती हाक लावली. चरणारी मेंढरं थबकली, माना वर करून पळत आली, माझ्याभोवती गोळा झाली. कडूबा काठी टेकून उभेच राहिले.

"ती गेली नाय गं," ते म्हणाले.

एवढ्याशा माझ्यात अख्खं माणूस मावतं, हे मला तेव्हा कळलं.

परतीला पैठणच्या स्टँडवर बसमध्ये चढताना कुणीतरी मला तिच्या पर्समधून अलगद उचललं. तो माणूस बिडकीनला उतरला. त्यानं बोटं लावून पाहिली, आकडे टाकून पाहिले. मी उघडलो नाही. रत्नमालानं मला कुलूप घातलेलं होतं. तिच्याशिवाय दुसरं बोट मी ओळखत नव्हतो.

मग तो मला कचरूच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला.

"उघडंल," कचरू म्हणाला, "पण आतलं समदं पुसावं लागंल."

"पुसा की."

ती हाक जगात दुसरीकडं कुठंच नव्हती.

तेवढ्यात माझ्या काचेवर अक्षरं उमटली. रत्नमालानं बसमध्येच शेजारच्या सीटवरच्या द्वारकाबाईंचा मोबाइल मागून घेतला होता आणि त्यावरून मला निरोप धाडला होता. कचरूनं तो मोठ्यानं वाचला : "यात माझ्या वारलेल्या आईचा आवाज आहे. पुसू नका. या नंबरवर फोन करा."

कचरूनं मला त्याच्यापुढं धरलं.

"आईचा हाय व्हय," तो माणूस हळूच म्हणाला. त्यानं हात मागं घेतला आणि मला तिथंच सोडून निघून गेला. मला पुसून न्यायला त्याला कोणीही अडवलं नव्हतं. माणसांचं मला अजून कोडंच आहे.

कचरूनं त्या नंबरवर फोन केला आणि रत्नमाला मला न्यायला आली. तिनं बोट टेकवलं, मी उघडलो. कचरू म्हणाला, "ताई, आधी ही हाक दुसऱ्या कुठं तरी घेऊन ठेवा. मोबाइल काय, परत हरवंल." तिनं तिथंच ती बहिणीला, शीलाला, पाठवली आणि एका मेमरी कार्डावरही घेतली.

आता माझे दिवस भरलेत. उद्या रत्नमाला मला पुसून, रिकामा करून दुकानात देणार आहे. तुम्ही गावाला निघाल तेव्हा तुमच्या मोबाइललाही कुलूप घाला, आणि जिवाभावाचं ते आधी दुसरीकडं ठेवा. माझं म्हणाल, तर रत्नमालाच्या घरातलं एक अक्षरही माझ्याबरोबर परक्या हाती जाणार नाही. एवढं राखलं, बस्स झालं.