एक जूनचा केर

बंगळूरहून म्हैसूरच्या ऑफिसात आलेल्या कश्यप सरांना वाटे, म्हैसूरला अक्कल अजून पोचायचीच आहे.

काम सरळ होतं. शिक्षण खात्यातल्या नोकरदारांच्या जन्मतारखा घ्यायच्या, संगणकावर क्वेरी लिहून दिवस, महिना, वर्ष सुटं करायचं आणि यंदा निवृत्त होणाऱ्यांची यादी खात्याला द्यायची. देठापासून जाई खुडावी तसा त्यांच्या हाताखालच्या, अजून कायम न झालेल्या चंपकमालेने महिना खुडला. पडद्यावरच्या आलेखात जूनचा खांब ताडासारखा उभा राहिला. बाकीचे महिने त्याच्या पायाशी गवत.

"सप्टेंबरात दिवे जातात वाटतं तुमच्याकडे!" बोटांवर नऊ महिने मागे मोजत कश्यप खिदळले.

"सर, हे सगळे एक जूनचे. शाळा उघडायची, आईला तारीख ठाऊक नसायची, मास्तर ठोकून द्यायचे. माझे अप्पाही एक जूनचेच."

"अगं बाई, तारीख नसली की मशीन असलं काहीतरी भरतं. केर आहे तो. दिवस एक, महिना सहा, गाळून टाक."

"माणसं आहेत ती, सर."

"तुला कायम करायच्या पत्रावर सही माझीच लागते ना?" ते गोड हसले. मग गाळणारी ओळ स्वतःच लिहून यादी धाडून मोकळे झाले.

दोन दिवसांनी खात्याच्या सिद्धलिंगम्मा मॅडम थेट दारात. "यादी अशी ओकीबोकी कशी हो?"

"एक जूनचे खोटे काढले, मॅडम. इतकी माणसं एकाच दिवशी जन्मतात होय?"

"मग मीही खोटीच. यंदा घरी बसायची होते. आणि हा माझा ड्रायव्हर, तोही खोटा!"

दारातला ड्रायव्हर फिस्सकन हसला. कश्यपांनी मान वळवली, तीही लाजेने नव्हे. "चंपा, तपासून द्यायला नको होतंस?"

चंपाने त्यांच्याकडे पाहिलं. जात्यात घातला असता तरी या माणसाचं पीठ पडलं नसतं, नुसता भुसा.

"तपासलं होतं. सांगितलंही होतं. ओळ सरांनी घातली, मॅडम."

"पत्र सहीला पडलंय हं," कश्यप दातांतून पुटपुटले.

"राहू द्या, सर. असल्या हाताची सही अप्पांना दाखवू कशी?"

तिने खुर्ची वळवली, ती ओळ पुसली, क्वेरी पुन्हा चालवली. पडद्यावरून नावं झरझर उतरू लागली. कश्यपांच्या खुर्चीत टेकून सिद्धलिंगम्मा चष्मा पुसत आपलं नाव शोधत राहिल्या.