कार्डाच्या बदल्यात कार्ड

आमच्या सासूबाई, खुर्शीदबी, भलत्याच हट्टी. रत्नागिरीच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यांनी वाचून काढली होती. मग साखरेच्या दुखण्यात डोळे गेले. मी सून होऊन आले तेव्हा घरातल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप होतं. "मी वाचून दाखवते ना, अम्मी," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माला कोणाची मेहेरबानी नको, झरीन." असा संताप यायचा! पुस्तकांवाचून बाई झुरत होती, आणि ते मला बघवत नव्हतं.

२००५ साली वाचनालयातल्या योगिनीताईंनी आम्हा वाचक बायकांसाठी एक नवं खूळ काढलं. वाचलेल्या गोष्टीवर खेळायच्या पत्त्याएवढं चित्रकार्ड करायचं आणि एकमेकींत बदलायचं. विकायचं नाही, फुकट द्यायचं नाही. बाकीच्या चौकोनी कार्डं रंगवत बसल्या. मी जाड पुठ्ठा घेतला, एका गोष्टीतली सुकाणू तुटलेली होडी कापली, आणि घरी येऊन मुकाट्यानं अम्मींच्या हातात दिली.

त्यांची बोटं कडेवरून फिरली, मागच्या खाचेशी थांबली.

"सुकाणू नाय गो हिला," त्या हळूच म्हणाल्या. "ती तांडेलाच्या बायकोची गोष्ट. बाई एकटी होडी बंदरात आणते, ती."

नुसत्या पुठ्ठ्याच्या कडेवरून त्यांनी अख्खी गोष्ट ओळखली होती!

"ठेवू काय मी ही?"

"फुकट नाही, अम्मी. बदल्यात कार्ड द्यावं लागतं."

त्या चक्क हसल्या. "मग पुठ्ठा दे. कातर पण."

दुपारभर पडवीत कातर चालली होती. मला जवळ येऊ देईनात. शेवटी कार्ड हातात आलं. कपाळ, हनुवटी आणि मधे उंचवट्याचं नाक. माझंच! फोटोत मी ओढणीआड लपवते, तेच हे नाक. अम्मींनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. निकाहच्या दिवशी बलाय घेताना, म्हणजे माझी दृष्ट काढताना, एकदाच त्यांचे तळवे माझ्या चेहऱ्यावरून फिरले होते. तेवढ्यावर त्यांनी माझा चेहरा इतकी वर्षं मनात जपून ठेवला होता.

"कार्ड गोष्टीवरचं हवं, अम्मी," मी कसंबसं म्हटलं.

"गोष्टी वाचून दाखवणारी हाय ती. नाक बरोबर आलाय काय?"

"अगदी बरोबर, अम्मी." त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"कपाट उघड," त्या म्हणाल्या. "होडीवाला पुस्तक वरच्या खणात हाय."