केबलचा झोळ

लेकीने लग्न परस्पर उरकलं आणि मग मला फोन केला, तेव्हापासून आमच्यात अबोला होता. मीही हट्टाला पेटले होते. त्यात साहेबांनी जावयालाच माझ्या हाताखाली धाडलं. टेकडीवर रुग्णवाहिकांसाठी वायरलेसचं नवं स्टेशन उभं करायचं होतं, आणि पलीकडून पहिली चाचणी घेणार होती नियंत्रण कक्षातली माझी लेक. त्या दिवसाची मी वाट बघत होते आणि मला त्याची धास्तीही होती. तेव्हाही ती कामापुरतंच बोलली, तर मग कायमचंच तुटलं, असं मनाने घेतलं होतं.

जावई नाकासमोर चालणारा निघाला. पट्टा अडकवल्याशिवाय टॉवरवर पाय ठेवायचा नाही. अर्थिंगची तांब्याची पट्टी त्याने सरळ खाली नेली, कुठे काटकोनात मोडली नाही. जोडांवरची टेप खालून वर गुंडाळली, कौलं रचतात तशी, म्हणजे पाणी वरच्यावर निसटतं. मी चुका शोधत होते आणि सापडत नव्हत्या, याचाच मला राग येत होता.

चूक सापडली केबिनच्या भिंतीपाशी. अँटेनाची केबल टॉवरवरून थेट भिंतीच्या भोकात शिरली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली. मी बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं. ते घरंगळत आत गेलं आणि रेडिओच्या कपाटावर टपटपलं. नशीब, करंट जोडला नव्हता.

झोळ कुठाय, मी विचारलं. केबल भोकाच्या खाली झुकवून मग वर आत न्यायची, म्हणजे पाणी त्या झोळातूनच गळून जातं, हे आमच्या धंद्यातलं मुळाक्षर.

तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात, माझ्या साइटवर झोळ चालणार नाही."

मी लबाडीबद्दल बोलले होते. हा बिचारा आजवर इमारतींच्या आत वायरिंग करत आलेला. जीव तोडून केबल ताणत बसला. मला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं. लेकीने इतका सरळ माणूस निवडला होता.

केबल त्याने बेताची कापली होती, त्यामुळे नवी ओढावी लागली. तो कुरकुर न करता पुन्हा वर चढला आणि मी खाली जीव मुठीत धरून उभी राहिले. या वेळी झोळ ठेवला, पाणी ओतलं. आत थेंब आला नाही.

चाचणीला मी माइक त्याच्यापुढे केला, त्याने तो परत माझ्याकडे सारला. मी बटण दाबून ठरलेली वाक्यं म्हटली. थोडी खरखर झाली आणि लेकीचा कोरडा, नियमातला आवाज आला: आवाज स्पष्ट, चाचणी पूर्ण. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात पुन्हा खरखर झाली. "आई, तुझा घसा बसलाय. औषध घेतलंस का? ओव्हर."

मग मला थांबवेना. घसा बरा आहे म्हटलं, तुझी फार आठवण येते म्हटलं, नवरा गुणाचा आहे तुझा, दोघं घरी या म्हटलं. पलीकडून उत्तर येईना.

जावयाने हळूच माझा अंगठा माइकच्या बटणावर ठेवला.

"आई, हे दाबून बोला," तो म्हणाला. "तिला काहीच ऐकू गेलेलं नाही."

मी बटण दाबलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.