फिरायचा व्हिसा, कामाची बाई

मी अर्धं जग पाहिलेला पासपोर्ट बोलतोय. म्हणजे, पाहिलं असतं. खरं सांगायचं तर मी मरोद्याच्या घरातून मुंबईपर्यंतच गेलो, अन् पहिल्या खेपेला तर तसाच कोरा परत आलो. माझं आयुष्य दहा वर्षांचं, त्यातली आठ सरत आली, म्हणजे मी म्हाताराच. वाचन पहिल्या पानापुरतं. त्या पानावर माझी मालकीण अन्नपूर्णाबाई आहे. फोटोत अशी बसलीय, जसं गॅसवर दूध ठेवलेलं असताना कोणी ओढून आणलं.

सात वर्षं साड्यांखाली डांबरगोळ्या हुंगत पडलो होतो. मग परदेशातून लेकीचा, रीनाचा फोन आला. "दिवस गेलेत. आई, बाळंतपणाला ये." देशाचं नाव सांगत नाही बुवा, मला त्याच दारातून आत जायचंय.

सुपेल्याच्या ट्रॅव्हलवाल्या सुशीलनं भिंतीवरची यादी वाचली. फिरायचा व्हिसा, शिकायचा, नोकरीचा, धंद्याचा, इलाजाचा, अन् शेवटी ट्रान्झिट. ट्रान्झिट म्हणजे रायपूरची बस कुम्हारीला थांबते तसं. भजी खिडकीतून घ्यायची, खाली उतरायचं नाही.

"काकू, तुमी फिरायचा घ्या," सुशील म्हणाला.

पण फॉर्मसोबतचं पत्र लिहिलं पंजाबरावांनी. हे माझ्या मालकिणीचे मालक. पोलादाच्या प्लांटच्या गेटवर तीस वर्षं ठेकेदारांच्या माणसांचे पास बनवले. आत कशाला चालला, किती दिवस, औजारं कोणती, सगळं खरं लिहायचं. 'फिरायले' म्हणणाऱ्याला त्यांनी जन्मात आत सोडलं नाही. म्हणून गेटपाससारखंच लिहिलं. काम: बाळंतपण. मुदत: सव्वा महिना. औजारं: डिंक, मेथी, शेकायची शेगडी.

मुंबईला वकिलातीत खिडकीमागच्या मॅडमनं विचारलं, "वहाँ काम करेंगी?"

अन्नपूर्णाबाई चिडल्या. "तो क्या घूमने जा रही हूँ?"

व्हिसा फिरायचा, बाई कामाची. नामंजूर! हसून हसून माझी शिवण उसवायची बाकी होती. पण परतीच्या गाडीत त्या मला छातीशी धरून रडल्या. माझं निळं जाकीट ओलं झालं, तशी माझी मस्ती उतरली. रीनाला सातवा लागला होता.

मग घरी तालीम. पंजाबराव खुर्चीत साहेब होऊन बसले.

"काय करसान तिथं?"

"लाडू..."

"अवं नाई! काईच नाई करत म्हण!"

दुसऱ्या खेपेला खिडकीत तोच प्रश्न आला. बाईंनी डोळे मिटले. "कुछ नहीं. बैठी रहूँगी." एवढं मोठं खोटं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. घाम मला फुटला.

काल मी कुरिअरनं घरी आलो, पोटात चकचकीत व्हिसा चिकटवून. रीनाला नववा लागायला आठ दिवस आहेत, पोचतो वेळेत. आता बॅगेत डिंकाच्या पुडीला टेकून बसलोय. मायबाप वाचकहो, एकच मागणं. मला हळदीच्या हातानं उघडू नका. पहिल्या पानावरच्या बाई आधीच पिवळ्या पडल्यात.

पंजाबराव बॅगेजवळ उभे राहिले. "पाह्यलं? माझ्या तालमीनं फिरायचा व्हिसा भेटला तुले. पण सव्वा महिना माझ्या पोळ्यांचं काय वं?"

अन्नपूर्णाबाईंनी बॅगेची चेन अर्ध्यात थांबवली.

"चौतीस वर्सं झाली या घरात येऊन. मले एवढंच सांगा, रीनाचे बाबा, मी इथं कोणत्या व्हिसावर आहो?"