पेट्रोल संपलं त्या संध्याकाळी

दिवसभर लोकांच्या गाड्या नीट करणाऱ्या मेस्त्रीच्या स्वतःच्या स्कूटरमधलं पेट्रोल घराच्या कोपऱ्यावर संपलं. स्वतःलाच शिव्या घालत, गाडी ढकलत तो दाराशी आला आणि जागीच थबकला. आत बायको शेजारणीची नक्कल करत होती आणि लेक पोट धरधरून हसत होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण बायकोला नकला येतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

एरवी स्कूटरचा आवाज आला की घर चिडीचूप व्हायचं. बायको काचेचे ग्लास उचलून आत ठेवायची. दारू सुटून वर्ष उलटलं होतं, तेव्हापासून त्यानं हातही उगारला नव्हता, तरी ग्लास आत जातच होते. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाई सारख्या सांगायच्या, "दोघींनाही घेऊन या." तो उडवून लावायचा. "पीत मी होतो. त्यांना काय धाड भरलीय?"

त्यानं कडी वाजवली. नळ बंद करावा तसं हसणं थांबलं. लेकीनं दार उघडलं, पिशवी घेता घेता त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. बायकोनं ग्लास उचललेच होते.

जमेल तितक्या हळू तो म्हणाला, "मी बाहेरून ऐकलं सगळं. उद्या माझ्याबरोबर केंद्रात चला. त्या बाईंशी तुम्हीही बोला."

बायकोच्या हातातले ग्लास एकमेकांवर किणकिणले.

"चुकलं आमचं," ती घाईघाईनं म्हणाली. "परत नाही हसणार."